तिथं

ज्याला रानाशेताचा थोडा जरी सहवास घडला आहे, त्याला मधमाशी एकाच प्रकारची नसते हे पुस्तकाशिवाय ठाऊक असते. उंच कड्याला किंवा पाण्याच्या टाकीला लोंबणारे एकच मोठे पोळे आग्या माशीचे. ती चिडली तर पळता भुई थोडी होते, आणि म्हणूनच आग्या मोहोळ उठवण्याची भाषा आपण माणसांच्या भांडणांनाही लावतो. झुडपाच्या फांदीभोवती तळहाताएवढे पोळे बांधणारी लहानखुरी माशी ती फुलोरी. भिंतीच्या भेगेत चिलटाएवढी, नांगी नसलेली एक माशी राहते. तिला गावोगावी निरनिराळी नावे आहेत. आणि झाडाच्या ढोलीत, वारुळात, जुन्या भिंतीच्या पोकळीत, अंधारात एकाशेजारी एक अशी अनेक पोळी बांधणारी ती सातेरी. तुमच्यापैकी काहींच्या बांधावरच्या जुन्या आंब्यात ती आजही नांदत असेल. या लेखात सांगायचे आहे ते मुख्यतः तिच्याविषयी.

भाषेच्या अभ्यासकाला नावापाशी थांबल्याशिवाय पुढे जाववत नाही. सात पोळी बांधते म्हणून सातेरी, असे लोक सांगतात. मी माझ्या पेटीत कधी पाच मोजली, कधी आठ. पण लोकव्युत्पत्ती गणिताला बांधलेली नसते. ‘मध’ या शब्दाची वंशावळ मात्र पक्की आहे. संस्कृत ‘मधु’, प्राकृत ‘महु’, मधापासून केलेल्या मद्याचे इंग्रजी नाव ‘मीड’ आणि लिथुआनियन भाषेतील ‘मेदुस’ हे सारे एकाच घराण्यातील शब्द. आपल्या मोहाच्या झाडाचे नावही संस्कृत ‘मधूक’वरून आले. माणसे दूरदूर पांगली, त्यांच्या भाषा एकमेकींना अनोळखी झाल्या, पण हा एक शब्द त्यांनी शिदोरीसारखा बरोबर नेला.

आमचे घर वाईत, गावाच्या कडेला, एका ओढ्यालगत आहे. मागे लहानसे परसू आहे: एक शेवगा, दोन नारळ, कढीलिंब आणि उरलेल्या जागेत कोथिंबीर, मेथी असे काहीबाही. आठ वर्षांपूर्वी या परसात सातेरीची पेटी आली. वाईहून पसरणीचा घाट चढला की पाचगणी आणि त्यापुढे महाबळेश्वर. हा सारा डोंगरपट्टा मधपाळांचा. महाराष्ट्र राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाचे मध संचालनालय महाबळेश्वरात आहे, आणि जवळच्या मांघर या गावाला २०२२ साली ‘मधाचे गाव’ म्हणून मान मिळाला. त्याच पट्ट्यातील एका वयस्कर मधपाळाने एका संध्याकाळी, सगळ्या माशा घरी परतल्यावर, दाराला जाळी लावून पेटी जीपमधून खाली आणली आणि शेवग्याच्या सावलीत लोखंडी घोडीवर ठेवली. घोडीच्या चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या, म्हणजे मुंग्या चढू नयेत. पेटीचे तोंड पूर्वेकडे केले.

पेटी दिसायला अगदी साधी असते. खालच्या कप्प्यात राणी अंडी घालते आणि पिले वाढतात. वरच्या कप्प्यात मध साठतो. दोन्ही कप्प्यांत लाकडी चौकटी उभ्या टांगलेल्या असतात आणि माशा त्यांत मेणाची पोळी बांधतात. या साधेपणामागे एक सूक्ष्म निरीक्षण आहे. दोन पोळ्यांच्या मध्ये साधारण सहा ते नऊ मिलिमीटरची वाट सोडली, तर माशा ती मेणाने बुजवत नाहीत, येण्याजाण्याचा रस्ता म्हणून मोकळी ठेवतात. अमेरिकेतील लोरेन्झो लँगस्ट्रॉथ यांनी १८५१ साली हे ओळखले आणि सुट्या निघणाऱ्या चौकटींची पेटी शक्य झाली. आपली सातेरी युरोपियन माशीपेक्षा अंगाने लहान असल्याने तिची पेटीही आटोपशीर असते. फादर न्यूटन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी दक्षिण भारतात तिच्या मापाची पेटी रूढ केली. पोळे पिळून मध काढण्याच्या जुन्या रीतीत अंडी आणि पिले चिरडली जात. चौकटीतले पोळे यंत्रात फिरवून मध काढता येतो आणि रिकामे पोळे माशांना जसेच्या तसे परत देता येते.

पेटी ठेवून निघताना मधपाळ म्हणाले, “बाई, सारखी पेटी उघडायची नाही. दार बघायला शिका. आत काय चाललंय ते दारात कळतंय.”

त्यांचे हे सांगणे मी अक्षरशः पाळले. सकाळी चहाचा कप घेऊन पेटीच्या बाजूला, माशांच्या वाटेत न येता, लाकडी स्टुलावर बसायचे. महाविद्यालयाची बस यायला पाऊण तास असे. त्या पाऊण तासात किती गोष्टी घडतात! ऊन दारावर पडले की पहिल्या माशा बाहेर येतात, पुढच्या पायांनी डोळे आणि शृंगिका पुसतात आणि एकदम उडतात. परत येणाऱ्यांपैकी काहींच्या मागच्या पायांवर परागाचे गोळे असतात, कधी पांढरट, कधी हळदीसारखे पिवळे, कधी शेंदरी. कोणत्या दिवशी कोणता रंग आला हे पाहायची सवय लागली की आसपासच्या झाडांचे पंचांग आपोआप कळू लागते. काहींच्या पायांवर काहीच नसते, पण पोट जड असते आणि उतरताना त्या थोड्या धपकन उतरतात. त्या मकरंद घेऊन आलेल्या. दारावरच्या पहारेकरी माशा प्रत्येकीला हुंगून आत सोडतात.

उन्हाळ्यात दारात काही माशा रांगेने उभ्या राहून पंख हलवताना दिसतात. आतले तापमान पिलांना मानवणाऱ्या ३३ ते ३६ अंश सेल्सिअसच्या दरम्यान राखायचे असते, आणि पातळ मकरंद आटवून त्याचा मध करायचा असतो. यात एक मौज आहे. युरोपियन माशी पेटीकडे तोंड करून वारा घालते आणि आतली हवा बाहेर खेचते. सातेरी पेटीकडे पाठ करून बाहेर तोंड करते आणि बाहेरची हवा आत लोटते. एकाच कामाच्या या दोन रीती पाहून मला नेहमी पाण्याला ‘पाणी’ आणि ‘नीर’ म्हणणाऱ्या शेजारच्या भाषा आठवतात. दुपारी निराळा खेळ असतो. ज्यांनी आतापर्यंत घर सोडलेले नाही अशा तरुण माशा घोळक्याने बाहेर येतात आणि पेटीकडे तोंड करून हवेत खालीवर तरंगतात. त्या घराची खूण मनात साठवत असतात. दहा-पंधरा मिनिटांत सगळ्या आत. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटते की मोहोळ उठले. पण ती बालवाडीची मधली सुट्टी असते.

कामकरी माशीचे आयुष्य हंगामात जेमतेम सहा आठवड्यांचे. जन्मल्यावर ती आधी घरे साफ करते, मग पिलांना भरवते, मग मेण काढून पोळे बांधते, मग दारावर पहारा देते आणि शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत बाहेर पडून मकरंद आणते. म्हणजे आपण फुलावर पाहतो ती माशी वयाने उतरणीला लागलेली असते. ही गोष्ट कळल्यापासून कोथिंबिरीच्या फुलावरची माशी मी हाताने उडवून लावलेली नाही.

पेटी आल्यानंतर दोन वर्षांनी अण्णा, म्हणजे माझे वडील, आमच्याकडे राहायला आले. ते भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होते. साखळी, निशाणे आणि प्लेन टेबल घेऊन त्यांनी जिल्ह्यातील कितीतरी बांध पायाखाली घातले होते. बोलणे मोजके, पण नेमके. वाट विचारणाऱ्याला ते “जरा पुढे” असे कधी सांगत नसत. “उत्तरेला दीडशे पावलं, मग चिंचेपासून डावीकडे” असे सांगत. आमच्याकडे येण्याआधी दोन महिने त्यांच्या मेंदूच्या डाव्या बाजूला रक्ताची गुठळी झाली. उजवा हात आणि पाय दुबळा झाला आणि वाचा गेली.

याला वैद्यकात वाचाघात म्हणतात. पॉल ब्रोका या फ्रेंच शल्यविशारदाने १८६१ साली अशा एका रुग्णाची नोंद केली होती. त्याला ‘तान’ एवढाच उच्चार करता येत असे, पण समोरच्याचे बोलणे बरेचसे समजत असे. मी ही नोंद पंचवीस वर्षे वर्गात सांगत आले होते. अण्णांच्या तोंडी उरलेला शब्द होता ‘तिथं’. पाणी हवे असले तरी तिथं, पंखा बंद करायचा असला तरी तिथं, आईची आठवण आली तरी बहुधा तिथंच. एक ते वीस आकडे ओळीने म्हणायला सुरुवात करून दिली की ते पुढचे आकडे घडाघडा म्हणत, पण “सात” एवढाच आकडा सुटा सांगता येत नसे. लिहिणेही गेले होते. लेखणी डाव्या हातात धरून ते कागदाकडे पाहत राहत.

वाचा गेलेल्या माणसाची बुद्धीही गेली असे लोक धरून चालतात. भेटायला येणारे त्यांच्या समोर बसून त्यांच्याविषयी मला विचारत, “जेवतात का नीट?” काही जण लहान मुलाशी बोलावे तसे मोठ्याने आणि तोडून तोडून बोलत. अण्णा मान फिरवून खिडकीबाहेर पाहू लागत. आंबा, कप, चप्पल अशी चित्रे दाखवून उच्चार करून घेण्याचा व्यायाम रोज असे. तो आवश्यकच होता, आणि त्याने पुढे थोडा गुणही आला. पण ज्याने आयुष्यभर गावांचे नकाशे काढले त्याला चप्पलेचे चित्र दाखवताना माझाच आवाज मला परका वाटे. त्यांच्याकडे सांगण्यासारखे काही आहे आणि ते ऐकण्यासारखे आहे, याची खात्री त्यांना कशी द्यावी हा माझ्यापुढचा खरा प्रश्न होता. भाषाविज्ञानातील पदवी या कामी फारशी उपयोगी पडत नव्हती.

सकाळी मी परसात बसे तेव्हा त्यांची खुर्चीही शेजारी ठेवू लागले. पहिले काही दिवस ते नुसते ऊन खात बसले. मग त्यांची नजर दारावर खिळू लागली.

मधमाशी आणि भाषा यांचा संबंध भाषाविज्ञानाच्या विद्यार्थ्याला नवा नाही. कार्ल फॉन फ्रिश या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने गेल्या शतकाच्या पाचव्या दशकात मधमाशीच्या नृत्याचा अर्थ उलगडला आणि १९७३ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. फुलोरा सापडलेली माशी घरी परतते आणि उभ्या पोळ्यावर, अंधारात, नाचते. पोट थरथरवत ती सरळ रेषेत थोडे अंतर चालते, मग वळून पुन्हा आरंभाशी येते, पुन्हा तीच सरळ चाल. एकदा डावीकडून वळते, एकदा उजवीकडून. ही सरळ चाल पोळ्यावर थेट वरच्या दिशेला असेल तर अर्थ असा, की सूर्याच्या दिशेने जा. उभ्या रेषेच्या उजवीकडे ४० अंश कललेली असेल, तर सूर्याच्या उजवीकडे ४० अंशांवर जा. थरथर जितकी लांब तितके अंतर अधिक. युरोपियन माशीत ढोबळमानाने एका सेकंदाची थरथर म्हणजे सुमारे एक किलोमीटर. सातेरी सहसा घरापासून जवळच चरते, आणि तेवढ्याच अंतरासाठी तिची थरथर अधिक वेळ चालते. नाचता नाचता सूर्य पुढे सरकला, तर माशी आपला कोनही सरकवते.

फॉन फ्रिश यांचे शिष्य मार्टिन लिंडाउअर यांनी पुढे श्रीलंकेत जाऊन आपल्याकडच्या माशांचा अभ्यास केला. त्यात फुलोरीची रीत पाहण्यासारखी आहे. ती उघड्यावर राहते आणि पोळ्याच्या माथ्यावरच्या आडव्या पृष्ठभागावर नाचते. तिला सूर्य किंवा आकाश दिसत असते, म्हणून ती फुलोऱ्याच्या दिशेलाच तोंड करून नाचते. आपण बोट दाखवतो तसे. सातेरीला ढोलीच्या अंधारात सूर्य दिसत नाही, म्हणून ती सूर्याच्या दिशेचे भाषांतर वरच्या दिशेत करते. भाषांतर हा शब्द मी विचारपूर्वक वापरते आहे.

चार्ल्स हॉकेट यांनी १९६० साली मानवी भाषेची लक्षणे मांडली, त्यांत एक लक्षण आहे स्थलकालातीतता. जे समोर नाही, इथे नाही, आत्ता नाही, त्याविषयी बोलता येणे. मांजर समोरच्या कुत्र्यावर फिस्कारते, कालच्या कुत्र्यावर नाही. हे लक्षण माणसाबाहेर ज्या थोड्या प्राण्यांत सापडते त्यांत मधमाशी प्रमुख. पण एमिल बेन्व्हेनिस्त या फ्रेंच भाषावैज्ञानिकाने १९५२ सालीच बजावले होते की याला भाषा म्हणू नका. माशीच्या निरोपाला उत्तर म्हणून दुसरा निरोप येत नाही, फक्त कृती येते. माशा उडून जातात. शिवाय एका माशीकडून ऐकलेला निरोप दुसरी माशी स्वतः फुलोऱ्याला जाऊन आल्याशिवाय पुढे सांगत नाही. संवाद नाही, म्हणून भाषा नाही. परीक्षेत या मुद्द्यावर हमखास प्रश्न येतो आणि विद्यार्थी त्याचे उत्तर चांगले लिहितात.

चैत्रातली एक सकाळ होती. शेवगा संपला होता, तरी पेटीच्या दारात विलक्षण लगबग होती. माशा सुटत होत्या त्या सगळ्या एकाच वाटेने, आमच्या मागच्या भिंतीवरून, नारळाच्या डावीकडून. अण्णांनी डावा हात उचलला आणि म्हणाले, “तिथं.”

हात स्थिर होता. मी म्हटले, “हो अण्णा, तिकडे जाताहेत.” त्यांनी मान हलवली. समाधान झाले नव्हते. त्यांनी पुन्हा हात उचलला, माझ्याकडे पाहिले आणि पुन्हा म्हणाले, “तिथं.” या वेळी शब्दाचा शेवट किंचित वर उचललेला होता. वाक्यातला सूर हा माझ्या अभ्यासाचा भाग आहे. तो सूर प्रश्नाचा नव्हता, आग्रहाचा होता: तिथे जा, आणि पाहून ये.

मी चप्पल घातली आणि गेले. भिंतीमागून ओढ्यात उतरले, पलीकडच्या बांधावर चढले आणि त्यांच्या हाताची रेषा मनात धरून चालत राहिले. हळदीचे मोकळे झालेले रान, मग उसाचा एक फड. उसात माशांना काही मिळत नाही, म्हणून फड ओलांडला. चार-पाचशे पावलांवर, दुसऱ्या ओढ्याच्या काठाला, झाड दिसण्याआधी मला ते ऐकू आले. जुना करंज होता. पांढऱ्या-जांभळट फुलोऱ्याने लगडलेला, खाली लाह्या सांडाव्यात तशी फुले पडलेली, आणि सगळे झाड एका सुरात गुणगुणत होते. मी एक डहाळी तोडली आणि परत आले.

डहाळी अण्णांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी ती डाव्या हाताने फिरवून पाहिली, हुंगली, आणि मग माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या. मला कळले की त्यांना काय हवे होते. मी म्हटले, “ओढा ओलांडून साडेचारशे पावलं. दुसऱ्या ओढ्याच्या अलीकडच्या काठाला. एकच झाड.” ते हसले. आजारानंतर त्यांना तसे हसताना मी पहिल्यांदा पाहिले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कागद मागितला. म्हणजे माझ्या टेबलाकडे हात करून तिथं म्हणाले. स्वयंपाकघरातला पाट मी स्टुलावर ठेवला, त्यावर कागद चिकटवला. त्यांनी पाट फिरवून त्याची कड कुंपणाच्या भिंतीला समांतर केली, मग कागदाच्या मध्यावर एक ठिपका काढला आणि माझी लाकडी पट्टी त्या ठिपक्याला लावून, एक डोळा मिटून, माशांच्या वाटेकडे वळवली. डाव्या हाताने ओढलेली रेषा थोडी थरथरली, पण दिशा अचूक होती. तो मध्यावरचा ठिपका म्हणजे पेटी आणि ती रेषा म्हणजे करंज. आमच्या परसात प्लेन टेबल लागले होते.

या मोजणीत एक अडचण असते, ती मला त्यांनीच लहानपणी समजावली होती. एका ठाण्यावरून फक्त दिशा मिळते. लांबचे झाड नेमके कुठे आहे हे कळायला दुसऱ्या ठाण्यावर जाऊन पुन्हा पट्टी लावावी लागते, नाहीतर साखळी घेऊन चालत जावे लागते. अण्णांना दुसऱ्या ठाण्यावर जाता येत नव्हते. म्हणून चालणे माझ्याकडे आले. ते दिशा देत, मी पावले मोजून परत येई, आणि ते त्या प्रमाणात रेषा लांब किंवा आखूड करून टोकाला बारीक गोल काढत. झाडाचे नाव आणि महिना मी लिहीत असे. वर्षभरात कागदावर करंज, जांभूळ, चिंच, कडुनिंब आणि रिठा आले. ज्वारी फुलोऱ्यावर असताना एका शेतावरही रेषा गेली, कारण माशा तेथून पराग आणत होत्या. त्या वर्षी पावसाळ्यात माशा आठ-आठ दिवस बाहेर पडल्या नाहीत, तेव्हा त्यांना साखरेचा पाक ठेवण्याचे कामही अण्णांनी आपल्याकडे घेतले. वाटी रिकामी झाली की हाक येई.

बेन्व्हेनिस्त यांचा मुद्दा मी आजही तसाच शिकवते. मधमाशीचे नृत्य मानवी भाषेच्या तोडीचे नाही, याविषयी मला शंका नाही. मात्र त्यापुढे आता एक भर घालते. नाचणाऱ्या माशीभोवती तीन-चार माशा अगदी जवळ असतात. अंधारात काही दिसत नसल्याने त्या आपल्या शृंगिका तिच्या अंगाला लावून तिच्याबरोबर वळणे घेतात. त्यांनी तसे केले नाही, तर तो नाच निव्वळ थरथर ठरेल. अलीकडच्या संशोधनात असेही दिसले आहे की एखाद्या फुलोऱ्यावर धोका भेटलेली माशी, त्याच ठिकाणाची वर्दी देणाऱ्या नर्तकीला डोक्याने धक्का देते, क्षणभर गुणगुणते आणि नाच थांबवते. उत्तर म्हणण्याइतके ते नसेलही. पण ऐकणारी बाजू आपण समजत होतो तितकी मुकी नाही.

विद्यार्थ्यांना मी सांगते की भाषेची व्याख्या लिहिताना आपण बहुधा बोलणाऱ्याचे सामर्थ्य मोजतो: किती ध्वनी, किती शब्द, किती रचना. अण्णांजवळ या मोजमापाने एकच शब्द होता, तोही दर्शक. दर्शक शब्दाला स्वतःचा असा अर्थ जवळजवळ नसतो. हात कुठे आहे, नजर कुठे आहे आणि ऐकणारा कोण आहे यावर त्याचा अर्थ ठरतो. त्या एका शब्दावर आमच्यात अडीच वर्षे संवाद चालला, कारण त्याच्या दुसऱ्या टोकाला उठून जाणारे आणि पाहिलेले परत येऊन सांगणारे कोणीतरी होते. भेटायला येणाऱ्यांच्या वागण्यातही हळूहळू फरक पडला. पाटावरचा कागद पाहून ते अण्णांनाच विचारू लागले, हे काय? आणि अण्णा पट्टी हातात घेत.

मध आम्ही वैशाखात, वरच्या कप्प्यातूनच, आणि माशांना पावसाळ्यापुरता ठेवून काढतो. कोणत्याही वर्षी दोन-तीन किलोंपेक्षा अधिक निघालेला नाही. करंज चांगला फुलला त्या वर्षीचा मध गडद होता. अण्णांनी बोटावर घेऊन चाखला आणि मागच्या भिंतीकडे हात केला. बाटलीवर काय लिहायचे ते ठरले.

ते गेले त्याला आता तीन वर्षे झाली. पेटीतल्या माशांच्या कितीतरी पिढ्या त्यानंतर झाल्या. मधल्या काळात एकदा मेणकिड्याने पोळी पोखरली तेव्हा सगळी वसाहत एका दुपारी उठून निघून गेली, आणि पुढच्या हंगामात घाटावरून दुसरी आणावी लागली. नव्या माशा त्याच करंजावर जातात, त्याच रिठ्यावर जातात. पाटावरचा कागद मी काचेच्या चौकटीत लावून माझ्या टेबलासमोर ठेवला आहे. मध्यावर एक ठिपका, त्यातून निघालेल्या चौदा रेषा, तेरांच्या टोकाला गोल आणि माझ्या अक्षरात झाडाचे नाव. चौदावी रेषा पांडवगडाच्या दिशेने गेलेली आहे. ती त्यांनी शेवटच्या फाल्गुनात काढली, आणि मी झाड शोधून परत येण्याआधी ते पुन्हा दवाखान्यात गेले.

फाल्गुनात माशा अजूनही त्या वाटेने जाताना दिसतात. सुट्टीच्या दिवशी मी पेटीपाशी उभी राहून दिशा धरते आणि पावले मोजत निघते. वाटेत दोन वस्त्या आहेत, एक बंद पडलेली विहीर आहे, आणि त्यापुढे कुंपण घातलेले माळरान आहे. गेल्या वर्षी कुंपणाच्या मालकाची ओळख काढली आहे. रेषेच्या टोकाचा गोल मी पेन्सिलीने काढून ठेवला आहे. नाव लिहायचे तेवढे राहिले आहे.